चढाची चाल

पाठ ताठ, खांदे सैल ठेवून बसा. खुर्चीत बसलात तरी चालेल. दोन्ही तळपाय मात्र जमिनीला टेकलेले असू द्यात. डोळे मिटा. श्वास येतोय तसा येऊ द्या, जातोय तसा जाऊ द्या.

आता मनाने नेपाळात, खुंबू खोऱ्यात चला. लुक्ला मागे पडलंय. खाली दूधकोशी फेसाळत वाहते आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर साठी-सत्तरीतली माणसं एकामागे एक चालली आहेत आणि त्यांत तुम्ही आहात. पुढे शेर्पा गाईड आहे. त्याला भरभर चालता येतं, पण तो मुद्दाम सावकाश चालतो आहे. मागून घंटांचा आवाज आला की डोंगराच्या अंगाला सरकून उभे राहा, दरीच्या बाजूला नको. सामान लादलेली जनावरं जाऊ देत. मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत लागली, तर ती उजव्या हाताला ठेवून पुढे व्हा.

उंच झुलता पूल ओलांडला की नामचे बाजारचा चढ सुरू होतो. एक पाऊल. श्वास. दुसरं पाऊल. श्वास.

या चालीकडे थोडा वेळ पाहा. शहरात पाय मंदावले तेव्हापासून आपण जणू माफी मागतच चालतो. जिन्यात बाजूला होऊन ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणतो. सिग्नल सुटायच्या आत रस्ता ओलांडून होईना, की ओशाळतो. तो संकोच मनात कुठे बसलाय, ते शोधा. सापडला की त्याला सांगा, या चढावर तुझं काम नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंच नसावा, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसाव्याचा असावा, असं डॉक्टर सांगतात. हा नियम पंचविशीतल्यालाही आहे आणि सत्तरीतल्यालाही. घाई करणारा तरुणही इथे आजारी पडतो.

नामचे, ३,४४० मीटर. आज पुढच्या गावी जायचं नाही. जवळच्या टेकाडावर थोडं चढून यायचं आणि झोपायला पुन्हा खालीच. हवा विरळ आहे, म्हणून श्वास आपोआप वाढलाय. रात्री लघवीला जास्त वेळा उठावं लागतंय. मूत्रपिंडं रक्ताचा तोल नव्या हवेशी जुळवून घेत आहेत. नवं रक्त तयार व्हायलाही सुरुवात झाली आहे, त्याला काही आठवडे लागतात. इतकी वर्षं वापरलेलं हे शरीर अजून नवं शिकतंय. त्याच्याबद्दल आपण एरवी तक्रारीच फार करतो. आता काही श्वास फक्त त्याच्या कामाकडे पाहा.

संध्याकाळ. लॉजच्या जेवणघरात मधोमध शेगडी पेटली आहे. लसणाचं सूप आलंय. गाईड प्रत्येकाजवळ जाऊन बोटाला ऑक्सिमीटर लावतो, आकडा वहीत लिहितो आणि विचारतो, “डोकं दुखतंय का?”

इथे थांबा. तुमचं बोट त्याच्या हातात आहे. घरच्यांच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहणारे आजवर तुम्ही होतात. स्वतःचं दुखणं मात्र, कुणाला त्रास नको म्हणून, गिळत आलात. डोंगरावर गिळलेली डोकेदुखी सगळ्यांनाच महागात पडते. डोकं ठणकत असताना, मळमळत असताना वर चढत राहिलं, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येऊ शकते. मग रात्री-अपरात्री खाली न्यायला तोच गाईड आणि तेच पोर्टर धावतात. खरं सांगणं हेच त्यांची काळजी घेणं आहे. मनातल्या मनात उत्तर देऊन पाहा: हो, दुखतंय.

आता आणखी वर. थुकला खिंडीत दगडांचे स्मारक-चौथरे आहेत. त्यांत बाबू छिरी शेर्पा यांचाही आहे. १९९९ मध्ये ते कृत्रिम ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टच्या माथ्यावर २१ तास राहिले. २००१ मध्ये त्याच डोंगरावर बर्फाच्या भेगेत पडून गेले. एवढ्या ताकदीच्या माणसालाही डोंगराने कसली हमी दिली नव्हती. तुमच्याही आयुष्यातली काही माणसं वाटेतच राहिली असतील. एकेकाचं नाव घ्या. प्रत्येक नावाला एक पूर्ण श्वास द्या.

पुढे दोन वाटा मनात धरा. एकीवर तुम्ही ५,३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला पोहोचता. तिथे ऑक्सिजन समुद्रकाठच्या जवळपास निम्माच आहे. दुसरीवर गाईड म्हणतो, “आज इथून खाली जायचं,” आणि तुम्ही वळता. दोन्हींवर सारखाच वेळ थांबा. चाललेला प्रत्येक चढ दोन्हीकडे तेवढाच तुमचा आहे. वळलात तर सोबतची माणसं धडधाकट घरी पोहोचतील, आणि तुम्हीही.

डोळे उघडा. ट्रेकला निघणार असाल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. हृदयाचं, फुप्फुसांचं जुनं दुखणं असेल तर लपवू नका. निघणार नसाल तरी हे मनन वाया गेलेलं नाही. आज घरात कुणी सहज विचारेल, “बरं वाटतंय ना?” सवयीने ‘हो’ म्हणण्याआधी एक श्वास घ्या, आणि जे खरं असेल ते सांगा.