धूर, अग्नी आणि नोंद

पर्वतावर धूर दिसतो, अर्थी तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमानाचे उदाहरण आपल्या न्यायशास्त्राने शतकानुशतके विद्यार्थ्यांपुढे ठेवले. अग्नी डोळ्यांस दिसला नाही तरी धूर त्याची साक्ष देतो. आमच्या कारकुनी जगाचे शास्त्र मात्र निराळे. तेथे ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही. या दोन शास्त्रांची गाठ अलीकडे थेट आकाशात पडली, आणि त्यातून उठणारा प्रश्न उत्तरेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणां सर्वांच्या श्वासाशी निगडित आहे.

पंजाब-हरियाणात भाताची कापणी कंबाइन यंत्राने होते व धसकटे शेतातच राहतात. भूजल राखण्यासाठी पंजाबने २००९ साली कायदा करून भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली. त्याबरोबर कापणीही लांबली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास थोडेच दिवस उरले. अशा वेळी काडेपेटीइतके स्वस्त अवजार दुसरे नाही. नेमक्या त्याच दिवसांत वारा मंदावतो, जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवा झाकणासारखी बसते, आणि वायव्येकडून आलेला धूर दिल्लीवर साचून राहतो.

या साऱ्यावर उपग्रहांची नजर असते. २०११ साली सोडलेला सुओमी एनपीपी हा उपग्रह सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून जाताना आगीची उष्णता टिपतो, आणि नकाशावर लाल ठिपका उमटतो. धुराचा माग काढण्याची रीत वेगळी आहे. धुराचे कण अतिनील किरण शोषून घेतात, ढग ते बव्हंशी परतवतात. या भेदावरून दोहोंतला फरक कळतो. दिवसामागून दिवसाची चित्रे शेजारी ठेवली की सतलजेकडचा करडा पट्टा यमुनेकडे सरकताना स्पष्ट दिसतो.

सरकारी मोजणीप्रमाणे पंजाबात २०२३ च्या हंगामात ३६,६६३ आगी लागल्या. २०२४ मध्ये अवघ्या १०,९०९. घट मोठी, आणि ती सर्वस्वी खोटी होती असेही नव्हे. धसकटे न जाळता पेरणी करणारी यंत्रे अनेक शेतांत पोचली होती. परंतु हवेतील धूर त्या मानाने उतरलेला दिसेना. नासाशी संबंधित शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी मग कोरियाच्या स्थिर उपग्रहाची चित्रे पाहिली. सुओमी एनपीपी या भागावरून दिवसा एकदा, दुपारी दीडच्या सुमारास जातो. हा कोरियन उपग्रह मात्र सुमारे ३६,००० किलोमीटरांवरून दर दहा मिनिटांनी चित्र घेतो. त्या चित्रांत दुपार टळल्यावर धूर दाटताना दिसला. ठिपके मोजणारा डोळा निघून गेल्यावर शेते पेटत होती. धूर होता, अग्नी नोंदीत नव्हता. न्यायशास्त्राचा विद्यार्थी फसला नसता.

यात शेतकऱ्याचा धूर्तपणा पाहून हसणे सोपे आहे. परंतु साहेबांच्या फेरीची वेळ ठाऊक असलेली कचेरी त्या वेळेपुरतीच कामसू दिसते, हे आपणांस कोणी सांगावयास नको. ठिपका उमटला की दंड, आणि पंजाबात महसुली दप्तरात लाल नोंद. पेरणी हुकली तर मात्र नुकसान त्याचे एकट्याचे. केवळ शिक्षेसाठी पाहणारी नजर माणसास घड्याळ शिकविते, विवेक शिकवीत नाही. आग वाईट की सापडणे वाईट, या दोहोंतला भेदच ती पुसून टाकते.

म्हणून पाहणे सोडावे काय? मुळीच नव्हे. न पाहिलेल्या धुराने छाती भरावयाची थांबत नाही. मात्र जो पाहतो त्याने ठिपक्यापाशी थांबू नये, असे आम्हांस वाटते. उपग्रहास आग दिसते. भाताची हमखास खरेदी, खालावलेले भूजल, हातात उरलेले मोजके दिवस त्यास दिसत नाहीत. ते पाहण्याचे काम माणसाचे आहे, आणि दप्तर सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांचे तर अधिकच.

त्याच न्यायाने स्वतःकडेही पाहावे. शहराच्या मोटारींचा धूर नकाशावर लाल ठिपका होऊन उमटत नाही. दिल्लीची हवा तो बारा महिने बिघडवितो, तरी त्याच्या नावाने कोणाच्या दप्तरात लाल नोंद पडत नाही. मग आपण निर्दोष ठरलो काय? नोंद झाली नाही म्हणून कर्म नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी श्वासात जाऊन बसते. दीड वाजून गेल्यावर माणूस काय करतो, यावरच त्याच्या नीतीची परीक्षा आहे. आणि ही परीक्षा शेतकऱ्याइतकीच आपलीही आहे.