मले संत्रं आवडते

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. वर अंबाबरवा अभयारण्याचं जंगल, खाली कपाशी-तुरीची शेतं, मधेमधे संत्र्याचे बगीचे. ही गोष्ट तिथल्या एका शाळेची. गोष्ट रचलेली आहे, म्हणून कुणाची नावं नाहीत. पण पडद्यावरचा तास ज्यांनी वर्गात बसून पाहिला आहे, त्यांना ती ओळखीची वाटेल.

नववीला स्पॅनिश सुरू झालं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परकीय भाषांमध्ये कोरियन, जपानीच्या जोडीनं स्पॅनिशचंही नाव आहे. मुख्याध्यापकांनी ते वाचलं आणि हौसेनं खटपट केली. शिकवणाऱ्या मॅडम पुण्यात, मुलं सोनाळ्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी तास. वर्ग सांभाळायला मराठीच्या सरांना बसवलं.

"तुम्हाला शिकवायचं काही नाही, सर. पडदा लावायचा, हजेरी घ्यायची, गलका होऊ द्यायचा नाही."

सरांनी ते अक्षरशः पाळलं. दाराजवळ खुर्ची टाकून ते निबंधाच्या वह्या तपासत बसायचे. पंचवीस वर्षांची सवय. कुणी 'मले' लिहिलं की लाल रेघ मारून वर 'मला' लिहायचं, 'काहून' लिहिलं की 'का' करायचं. पडद्यावर मॅडम बोलत, मुलं एका सुरात म्हणत, सरांचं पेन चालू. पहिल्या दिवशी मॅडम "ओला!" म्हणाल्या तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "काय ओलं झालं बावा?" वर्ग हसला. सरांनी डोळे वटारले, वर्ग गप्प झाला. स्पॅनिशमध्ये 'ओला' म्हणजे नमस्कार, हे पुण्याच्या मॅडमनी सांगितलं. पण मुलं का हसली, हे त्यांना तिकडून कळलं नाही. ज्यांना कळलं ते वह्या तपासत होते.

कपाशीची वेचणी सुरू झाली तशी बाकं रिकामी होऊ लागली. मुली आईबरोबर शेतात जात, आठवड्यानं परत येत, तोवर पडदा चार धडे पुढे गेलेला असे. मॅडमना पडद्यावर फक्त डोकी दिसत. कोणतं डोकं कालपासून आहे आणि कोणतं आजच आलंय, हे त्यांना कसं कळावं?

अशीच एक मुलगी. बाप संत्र्याच्या बगीच्यात राखणीला. वेचणीवरून परतली तेव्हा चाचणी होती. 'मला संत्रं आवडतं' याचं स्पॅनिश लिहा. तिनं इंग्रजीच्या चालीवर 'यो गुस्तो' असं सुरू केलं. 'यो' म्हणजे मी, हे तिला माहीत होतं. चूक. पुन्हा तसंच लिहिलं, पुन्हा चूक. वही घेऊन ती दाराजवळच्या खुर्चीपाशी आली.

"सर, हे काहून चुकलं?"

"मॅडमना विचार मंगळवारी."

"तुमाले नाई येत?"

"नाही बेटा. मला स्पॅनिश येत नाही."

मुलगी क्षणभर थांबली. उद्धटपणा नव्हता तिच्यात, खरंच कळत नव्हतं म्हणून तिनं विचारलं, "मंग तुमी इथं कायले बसता, सर?"

सरांनी तिला जागेवर जायला सांगितलं. पण त्या दिवशी पुढची एकही वही तपासून झाली नाही.

मंगळवारी खुर्ची दाराजवळ नव्हती. सर तिसऱ्या बाकावर बसले होते, नवी दोनशेपानी वही घेऊन. मॅडमनी "ओला" म्हटलं, सरांनी वहीतलं स्पेलिंग वाचून "होला" म्हटलं. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, 'ह' म्हनाचा नाई." सरांनी खोडलं आणि पुन्हा म्हटलं. वर्ग हसला नाही. सर चुकतात आणि दुरुस्त करतात, हे मुलं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होती.

इथे थोडं गोष्टीबाहेर जातो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लहान गावांच्या शाळांना उपग्रहावरून स्पॅनिश-जर्मनचे तास मिळू लागले, तेव्हाही वर्गात गावातलाच एक शिक्षक बसवलेला असे आणि बहुतेकदा त्याला ती भाषा येत नसे. आपल्याकडे मराठवाड्यातल्या गाडिवाट गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं २०२० च्या टाळेबंदीत जपानी शिकली. शिकवणारे मोबाइलवरून शिकवत. ज्या मुलांकडे मोबाइल होता, ती ऐकलेलं इतरांना सांगत, आणि या मुलांना 'विषय मित्र' म्हणत. मला त्यातलं हे 'मित्र' फार महत्त्वाचं वाटतं. दुरून आलेलं ज्ञान गावात शिरतं ते कुणीतरी शेजारी बसतं म्हणून.

पुन्हा सोनाळ्याला येऊ. त्या शुक्रवारी मॅडम नेमकं तेच 'आवडतं' समजावत होत्या. स्पॅनिशमध्ये 'आय लाइक' असं नसतं, वाक्य उलटं होतं, कर्ता बदलतो, असं काहीसं इंग्रजीतून चाललं होतं. म्हणायचं असं: मे गुस्ता ला नारान्खा. आणि तेवढ्यात रेंज गेली. मॅडमचा चेहरा तोंड उघडं असतानाच पडद्यावर थिजला.

मुलं सरांकडे पाहू लागली. सर फळ्याकडे गेले. मॅडमचं वाक्य त्यांनी देवनागरीत फळ्यावर लिहिलं आणि त्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्या मुलीला उभं केलं.

"तुला संत्रं आवडतं?"

"हाव."

"पूर्ण वाक्यात सांग."

"मले संत्रं आवडते."

सरांचा खडू हातातच राहिला. मग त्यांनी 'मे' च्या खाली लिहिलं 'मले'. 'गुस्ता' च्या खाली 'आवडते'. 'नारान्खा' च्या खाली 'संत्रं'.

"यात 'मी' कुठाय?"

"नाईच सर."

"आपल्याकडे नाही, त्यांच्याकडेही नाही. आवडणारं कोण? संत्रं. क्रियापद कुणाच्या मागे जातं?"

"संत्र्याच्या!"

"आणि टोपलीभर असली तर?"

सर स्वतःच म्हणाले, "मला संत्री आवडतात," आणि पुस्तक उघडून पुढचं उदाहरण शोधलं. मे गुस्तान लास नारान्खास. 'आवडतं'चं 'आवडतात', 'गुस्ता'चं 'गुस्तान'. मुलीनं बाकावर हात आपटला. इंग्रजीच्या वाटेनं जे सापडलं नव्हतं, ते तिच्या तोंडात जन्मापासून होतं.

रेंज आली. सरांनी मॅडमना फळा दाखवला. मॅडम म्हणाल्या, "थांबा, मला उतरवून घेऊ द्या."

तेव्हापासून सर दर आठवड्याला मॅडमना एक पान पाठवू लागले. कोण वेचणीला गेलं होतं, कोण कुठे अडलं, कोणाला ऐकू कमी येतं म्हणून पुढे बसवलंय. आंबिया बहाराची संत्री उतरली तेव्हा मुलीनं वर्गात चार आणली. सरांनी सांगितलं, 'नारान्खा' हा आपलाच शब्द आहे: संस्कृतातलं नारंग फारसीतून अरबीत आणि अरबांबरोबर स्पेनात गेलं. मुलांनी हातातल्या फळाकडे असं पाहिलं, जणू गावचं कुणी फार लांबून परत आलंय.

सर नेहमीच बरोबर निघाले असं नाही. स्पॅनिशमध्ये 'असणे'ची क्रियापदं दोन. सरांनी जुळवून सांगितलं, 'चहा गरम आहे' तिथे एक आणि 'साखर गोड असते' तिथे दुसरं. मंगळवारी मॅडम म्हणाल्या, हे पुष्कळ ठिकाणी चालेल, पण 'मी सोनाळ्याची आहे' म्हणताना चालणार नाही. तिथे आपण 'आहे' म्हणतो, पण त्यांच्याकडे साखरेचंच क्रियापद लागतं: सोय दे सोनाळा. दुसऱ्या दिवशी सर वर्गात येताच म्हणाले, "मी सांगितलं ते अर्धं चुकलं होतं. वह्या काढा." आणि आपलीही वही त्यांनी उघडली.

मग सहामाहीचे निबंध आले. त्या मुलीनं लिहिलं होतं, 'मले पावसाळा आवडते.' सरांनी सवयीनं लाल पेन उचललं. रेघ मारली नाही. 'मले' च्या शेजारी 'मला' लिहिलं, त्याच्या शेजारी 'मे' लिहिलं आणि तिन्ही शब्दांना मिळून एकच गोल केला.