पश्चात्ताप कोणी करायचा?

आमच्या वस्तीला लागूनच ख्रिस्ती वस्ती आहे. नगर जिल्ह्यात हे गावोगाव दिसतं. मिशनच्या काळात, त्यातही १८७६-७८ च्या दुष्काळात आणि पुढं, महारा-मांगांची घरंच्या घरं येशूकडं गेली. त्यातले काही आमचे भाऊबंदच. त्यांच्यातल्या एका आजीला आम्हीही आजीच म्हणतो. तिला दिसत नाही नीट, म्हणून एका रविवारी मी देवळापर्यंत पोचवायला गेलो (चर्चला ते देऊळच म्हणतात) आणि बाहेर पायरीवर बसून राहिलो. आत पाळकसाहेब पश्चात्तापावर बोलत होते. तुम्ही पापी आहात, गुडघे टेका, डोळ्यांतून पाणी काढा. तासभर तेच.

परत येताना आजी म्हणाली, "जल्मभर लोकाचं रान खुरपलं. देतील ती मजुरी घेतली. म्या कुणाचं काय खाल्लं रं बाबा, रोज रोज माफी मागाया?"

मित्रांनो, आपण कार्यकर्ते असल्या गोष्टीला हसतो. अफूची गोळी म्हणतो, कटिंग चहा मारतो आणि मोर्च्याच्या तयारीला लागतो. मीही तेच करत आलो. पण आजीनं जे विचारलं ते बाबासाहेबांनीही विचारलं होतं. धर्मांतर केलेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहून ठेवलं, ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. १९८९ साली इंग्रजी खंडांतल्या पाचव्या खंडात ते आलं. त्यात त्यांचा मुद्दा सरळ आहे. माणूस आपल्या पापानं पडला असं ख्रिस्ती शिकवण सांगते, आणि समाजशास्त्र सांगतं की माणूस भोवतालच्या परिस्थितीनं पडतो. अस्पृश्याला तू तुझ्या पापामुळं खाली आहेस असं शिकवलं, की ज्या व्यवस्थेनं त्याला खाली दाबलं तिच्याविरुद्ध उठायचं बळ त्याच्यात येणार कुठून? हिंदू धर्म मागल्या जन्माचं पाप सांगत होता, इथं आदामाचं. ओझं उचलायला डोकं आमचंच.

इथं लेख संपवता आला असता. टाळ्याही पडल्या असत्या. पण आजीच्या घरातलं शास्त्र मागून आणलं आणि लूकचं शुभवर्तमान वाचलं, तेव्हा गोची झाली. पाळकसाहेब सांगत होते तो पश्चात्ताप मला तिथं सापडेना.

तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान नदीकाठी उभा आहे. लोक विचारतात, आम्ही काय करायचं? तो रडायला सांगत नाही. ज्याच्याकडं दोन अंगरखे आहेत त्यानं एक नसलेल्याला द्यावा म्हणतो. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, दमदाटी करून पैसे उकळू नका, आपल्या पगारात भागवा. म्हणजे ज्याच्या हातात जे हत्यार आहे त्याचा हिशेब त्याच्याकडं. ज्याच्या अंगावर एकच अंगरखा आहे त्याला तो काहीच मागत नाही.

मग एकोणिसाव्या अध्यायात यरीहोचा जक्कय येतो. जकातदारांचा मुखिया, रोमन सरकारसाठी वसुली करून गब्बर झालेला. बुटका, म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढतो. येशू त्याच्या घरी उतरतो आणि जक्कय उभा राहून आकडे सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत. हे चौपट त्यानं मनानं काढलेलं नाही. मेंढरू चोरून कापलं तर चार मेंढरं भरायची, असा मोशेच्या नियमशास्त्रात दंडच आहे. त्यानं स्वतःला चोर ठरवून स्वतःच शिक्षा लावून घेतली. आणि त्या घराचं तारण झालं असं येशू म्हणतो, ते हे आकडे ऐकल्यावर.

आता सांगा, आपल्या गावात जक्कय कोण? महाराच्या वतनाची जमीन ज्याच्या बांधात गेली तो, की ती गेल्यावर त्याच रानात मजुरीनं खुरपणारी आजी?

देवळातसुद्धा जक्कय बसलेत. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला कॅथलिकांच्या दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि सवर्ण ख्रिस्ती यांच्या मधी भिंत बांधलेली होती. मेल्यावरही विटाळ. २०१६ साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं आपल्या धोरणात चर्चमध्ये जातिभेद असल्याचं लेखी कबूल केलं. कबुली चांगली. चौपटीचा आकडा मात्र अजून ऐकायचाय. आपल्या मराठीत सवर्णाच्या पश्चात्तापाचं एक खरं चित्र आहे ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त. बाप्तिस्मा घ्यायच्या आधीच ही ब्राह्मणाघरची बाई जातीचा विटाळ टाकून देते. छाती बडवून घेत नाही, पण शिवाशीव सोडते.

मग आजीला पश्चात्ताप नाहीच का? आणि तुम्हा-आम्हाला? इथं मला पेत्र भेटला, आणि त्याच्यापुढं मी बराच वेळ अडलो.

येशूला पकडून नेलंय. पेत्र महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात शेकोटीला बसलाय. एक दासी म्हणते, तूही त्याच्याबरोबरचाच. तो म्हणतो, नाही. तीनदा नाही म्हणतो. आणि तो ओळखू कशावरून येतो? बोलीवरून! गालीलचा कोळी तो, राजधानीत तोंड उघडलं की गावाकडचा. हे तुम्हाला समजावून सांगायला नको. पुण्यात खोली बघायला जाऊन आडनाव गिळणारे आपण. एकदा माझ्या तोंडून 'न्हाई' गेलं आणि घरमालकीण वर बघायला लागली. खोली भाड्यानं गेली म्हणाली. पेत्र बाहेर जाऊन रडतो, ते मला पटतं. त्यानं कुणाला लुबाडलं नव्हतं. भ्यालेला माणूस होता, जवळच्या माणसाला नाही म्हणाला होता. नंतर येशू त्याला रागे भरत नाही. तीन नकारांसमोर तीनदा एकच गोष्ट विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का, आणि मेंढरं सांभाळायचं काम देतो. पुढं हाच पेत्र भर चौकात उभा राहतो, आणि हे अडाणी, सामान्य लोक इतकं धीटपणे कसे बोलतात म्हणून न्यायसभा चकित होते. विश्वास सांगायचं धैर्य म्हणतात ते हे. खालच्यानं वरच्यासमोर तोंड उघडणं. आमच्याकडं मात्र लाऊडस्पीकर कायम झोपडपट्टीकडं तोंड करून. जक्कयाचा अध्याय घेऊन वाड्यापुढं उभा राहिलेला प्रचारक मी तरी पाहिला नाही. अर्थात बावीस प्रतिज्ञा आपणही समाजमंदिरातच म्हणतो, आपल्याच लोकांपुढं.

बरं, पेत्र एकदा धीट झाला म्हणजे कायमचा झाला असंही नाही. अंत्युखियात तो परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत होता. याकोबाकडची माणसं आली तसा पंगतीतून उठून बाजूला झाला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर झापलं. पंगतीचं राजकारण तेव्हाही होतं.

आजीच्या नातवाचं प्रकरण याच्याशी जोडलेलं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत हिंदूंना दिली. १९५६ साली सगळ्या शीख दलितांना, १९९० साली बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती अजून बाहेर. १९८५ साली मद्रासच्या सुसाई नावाच्या ख्रिस्ती चांभाराला सुप्रीम कोर्टात हार पत्करावी लागली. प्रश्न काय, तर रस्त्याकडेच्या एका टपरीचा! २०२४ सालीही अशाच एका खटल्यात, नुसत्या आरक्षणापुरतं हिंदू म्हणवणं ही घटनेची फसवणूक, असं कोर्ट म्हणालं. म्हणून नातवाच्या दाखल्यावर हिंदू, आणि रविवारी देवळात. पाळकसाहेब त्याला खोटारडा म्हणतात. कोर्ट फसवा म्हणतं. चपला शिवणाऱ्याला देव बदलल्यावर चामड्याचा वास सुटतो का, हे कोणी विचारत नाही. खोटं बोलायला लावणारा कायदा कधी पश्चात्ताप करणार, तेही नाही.

परवा हे सगळं मी त्याच्यापुढं मांडलं. जक्कय, पेत्र, १९५०, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, तुम्ही दीक्षा घेतलेल्या घरातले. तुम्हाला नव्वद सालापासून मोकळीक आहे. तुमच्या दाखल्यावर काय लिवलंय?"

माझ्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे. वडिलांनी शाळेत घातलं तेव्हा लिहिलेलं. बदलायचा अर्ज तहसीलला द्यायचा, तो आज देऊ, उद्या देऊ, नोकरीचं नक्की झाल्यावर देऊ, असं करत अकरा वर्षं झाली.