आजारी खुराड्यातील निरोगी कोंबडी

काही दिवसांमागे एका खेड्यातील मंडळीच्या प्रचारकांनी मजपुढे एक प्रश्न मांडला. त्यांच्या शेजारी एक विधवा बाई राहते. तिच्यापाशी अकरा कोंबड्या होत्या. सोमवारी सकाळी तिने खुराडे उघडले, तो दोन मरून पडलेल्या आणि तिसरी मान पिळून घरघरत बसलेली. तिच्या शेपटीखाली हिरवट पांढरी घाण लागलेली. उरलेल्या आठ मात्र फळी काढताच बाहेर पडल्या व नेहमीप्रमाणे उकिरडा उकरू लागल्या. बुधवारी आठवड्याचा बाजार होता. बाईने प्रचारकांस विचारले, "दादा, ह्या आठ बाजारात नेऊन विकू का? ह्यांना तर काही झालेलं नाही."

प्रचारकांस उत्तर सुचेना. नको म्हणावे, तर तिच्या मिठामिरचीची सोय कोण करणार? खुशाल ने म्हणावे, तर जीभ उचलेना. त्यांनी मला लिहिले, "पापपुण्याच्या मोठ्या गोष्टी आम्ही दर आठवड्यास सांगतो, आणि एवढ्याशा गोष्टीपाशी अडलो."

माझ्या मते ही गोष्ट एवढीशी नाही. ज्यांच्या दारात कोंबडी नाही त्यांस ती तशी वाटणे साहजिक आहे. बैल, जमीन, झाडे ही घरधन्याच्या नावाची. परंतु कोंबडी ही बहुतेक खेड्यांत घरधनिणीची असते. पोराची वही, खोकल्याचे औषध, अवचित आलेला पाहुणा, ह्या सर्वांची सोय ती डालग्याखालून करते. आणि हे धन राखणे सोपे नव्हे. खुडूक कोंबडीखाली दहाबारा अंडी ठेवावी, एकवीस दिवस तिला दाणापाणी द्यावे, पिले निघाली की वरून घार आणि खालून मुंगूस. रात्री बोका येतो. दिवसा कोंबडी शेजाऱ्याच्या मेथीच्या वाफ्यात शिरते, आणि मग दोन घरांत चार दिवस बोलणे नाही. निघालेल्या पिलांपैकी निम्मी हाती लागली तरी बाई समाधान मानते. तथापि मुंगूस एक नेतो. मानमोडी सबंध खुराडे नेते. म्हणून तिची चाहूल लागताच हात आपोआप डालग्याकडे व पाय बाजाराकडे वळतात.

ह्या मानमोडीस सरकारी दप्तरी राणीखेत म्हणतात. कुमाऊँच्या डोंगरातील त्या गावी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिची ओळख पटली, म्हणून हे नाव. इंग्लंडात न्यूकॅसल शहराजवळ १९२६ साली हाच रोग दिसला, आणि तिकडे तो त्या शहराच्या नावाने ओळखला जातो. रोग एकदा अंगी भिनला की त्यावर औषध नाही. पण आपल्या प्रश्नास महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. रोगाचे विष शिरल्यानंतर कोंबडी बहुधा पाच-सहा दिवस, कधी दोन आठवडेपर्यंतही, धडधाकट दिसते. म्हणजे "ह्यांना काही झालेले नाही" असे जे बाई म्हणते, ते तिच्या डोळ्यांपुरते खरे आहे. एकाच खुराड्यात रात्रभर मेलेल्यांच्या शेजारी बसलेल्या, एकाच परळातले पाणी प्यालेल्या ह्या आठ कोंबड्यांविषयी ती खरोखर एवढेच म्हणू शकते, की त्यांस काही झाल्याचे अजून दिसत नाही.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अकस्मात एखाद्यास हुंदडून मारले तर धनी निर्दोष. परंतु बैलास मारण्याची खोड असून धन्यास तशी सूचना मिळालेली असेल, आणि तरीही त्याने बैल बांधून ठेवला नसेल, तर धनी दोषी. बैल तोच, शिंगेही तीच. फरक धन्याच्या जाणण्यात आहे. आमच्या बाईने रविवारी त्याच आठ कोंबड्या विकल्या असत्या तर तिच्याकडे कोणी बोट दाखविले नसते. सोमवारच्या सकाळी खुराड्याची फळी काढली तेव्हा तिला सूचना मिळाली.

"घेणाऱ्याने पाहून घ्यावे" हे दुसरे उत्तर बाजारात सर्वांच्या तोंडी असते. ह्या उत्तराचे वय मोठे आहे. सिसेरो नामक रोमन पंडिताने ख्रिस्तपूर्व ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात तो एका व्यापाऱ्याची गोष्ट घालतो. ऱ्होड्स बेटावर धान्याची टंचाई आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी पुष्कळ जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? सिसेरो सांगतो की दोन तत्त्ववेत्त्यांचे ह्यावर एकमत नव्हते. डायोजेनिस म्हणे, कायद्याने सांगावयास लावलेले दोष सांगावे, लबाडी करू नये, त्यापलीकडे गप्प राहणे म्हणजे लपविणे नव्हे. अँटिपेटर म्हणे, विकणाऱ्यास जे ठाऊक ते घेणाऱ्यासही ठाऊक झाले पाहिजे. सिसेरोने स्वतः ह्या दुसऱ्याची बाजू घेतली.

माझ्या मनात येते, की व्यापाऱ्याचा तो प्रश्न आमच्या बाईच्या प्रश्नाहून हलका होता. ऱ्होड्सच्या माणसाने महाग का होईना, चांगले धान्य घेतले. त्याचे पैसे जास्त गेले, इतकेच. ते धान्य त्याच्या घरच्या कणगीत शिरून आधीच्या धान्याचा नाश करीत नव्हते. शिवाय पाहून घेणार तरी काय? शेळी घेताना मनुष्य तिचे दात पाहतो, कास चाचपतो, चालवून बघतो. कोंबडी पाय धरून उचलावी, हातात वजन तोलावे, तुरा लाल आहे एवढे बघावे, झाले. पोटातील रोग पशुवैद्यासही तुऱ्यावरून सांगता यावयाचा नाही.

१९७३ च्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. आदल्या वर्षी पाऊस झाला नव्हता. आमच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, निम्मे गाव दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई. माझी आईही जाई. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या सात कोंबड्यांपैकी तीन दोन दिवसांत गेल्या. तिसऱ्या दिवशी बाजार होता. आईने उरलेल्या चार डालग्यात घातल्या आणि डालगे माझ्या डोक्यावर दिले. वाटेत ती काही बोलली नाही. बाजारात शेजारच्या वाडीतील एक बाई आली. तिने एक तलंग उचलून विचारले, "चांगली हाय ना गं, आक्का?" आई म्हणाली, "चांगली हाय. आता अंड्यावर येईल." त्या बाईने दोन घेतल्या. त्या पैशांची ज्वारी आली, आणि ती मीही खाल्ली.

तीन आठवड्यांनी ती बाई पुन्हा बाजारात भेटली. तिच्या घरच्या नऊ आणि आमच्या दोन, अकराही गेल्या होत्या. तिला कोणाचा संशय नव्हता. उलट ती आईजवळ बसून म्हणाली, "तुझ्या बी गेल्या का गं?" आई "हो" म्हणाली. ते खरेच होते. विकल्या न गेलेल्या दोन परत आणल्यावर त्याही मेल्या होत्या. खऱ्या शब्दाने खोटे किती चांगले झाकता येते, हे मी त्या दिवशी पाहिले.

माझी आई लबाड बाई नव्हती. कोणाचे पडलेले कणीसही तिने उचलले नसते. म्हणूनच हे लिहितो. चोरी ही चोरी म्हणून ओळखू येते. ही गोष्ट तशी ओळखू येत नाही. ती संकटातून वाचण्याची धडपड म्हणून मनात शिरते.

"मी न विकल्या तरी दुसरी विकीलच," असेही कोणी म्हणतात. ह्यास फार वेळ नको. दुसरीच्या डालग्यातील कोंबड्यांनी माझ्या डालग्यातील कोंबड्या निरोगी होत नाहीत.

आता कोणी विचारील, बाईने खरे सांगून विकल्या तर? "खुराड्यात मानमोडी शिरली आहे, आजच कापून खाणार असाल तर कमी पैशांत न्या," असे म्हटले तर लपविणे राहिले नाही, मग दोष कोठे? मलाही हा मार्ग प्रथम बरा वाटला होता. परंतु सिसेरोच्या गोष्टीत विकणारा आणि घेणारा असे दोघेच आहेत. बाजारात तसे नसते. डालग्याला डालगे लागून असते. एकीच्या कोंबडीची विष्ठा दुसरीच्या कोंबडीच्या पायांस लागते, पिसे उडतात, आणि रोग चपलेच्या तळव्यावरूनही घरोघर जातो. घेणाऱ्याने जाणूनबुजून संमती दिली, तरी पलीकडे बसलेल्या म्हातारीने दिलेली नसते. जनावरांच्या साथींसंबंधी २००९ साली केंद्र सरकारने जो कायदा केला, त्यातही मालकाने रोगाची खबर द्यावी व रोगी जनावर बाजारात आणू नये असे सांगितले आहे.

आणखी एक भीती अलीकडची आहे. "मानमोडीच आहे, माणसाला काही होत नाही," असे आपण सहज म्हणतो. मानमोडीने मनुष्याचे डोळे फार तर काही दिवस लाल होतात, हे खरे. परंतु ती मानमोडीच आहे हे कोणी ठरविले? फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या भराभर मेल्या, तेव्हा तेथेही प्रथम राणीखेतीचेच नाव घेतले जात होते. तपासणीत तो बर्ड फ्ल्यू निघाला, आपल्या देशातील पहिला. त्या रोगाने माणसेही दगावू शकतात. दोहोंचा भेद प्रयोगशाळेत होतो, अंगणात होत नाही. तेव्हा एकाएकी पुष्कळ पक्षी मेले, तर ते कापू नयेत, खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत, आणि जनावरांच्या दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. मेलेले उघड्या हातांनी न धरता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.

मी प्रचारकांस हे सर्व लिहिले आणि शेवटी लिहिले, की बाईने कोंबड्या बाजारात नेऊ नयेत. परंतु पत्र पेटीत टाकण्यापूर्वी मलाच ते अपुरे वाटले. ज्याच्या घरी पगार येतो त्याने विधवेस "विकू नको" असे सांगणे फार स्वस्त आहे. तिने खरेपणा राखला तर फायदा कोणाचा? तिचा नव्हे, तिच्या कोंबड्या बहुधा जातीलच. फायदा आळीतल्या, वाडीतल्या, बाजारातल्या त्या सर्वांचा, ज्यांची खुराडी शाबूत राहतील. सर्वांच्या हिताची किंमत एका विधवेने एकटीने भरावी आणि बाकीच्यांनी तिची वाहवा करावी, ह्याला मी न्याय म्हणणार नाही. म्हणून मी पत्र फोडून त्यात आणखी एक पान घातले. पुढल्या हंगामात ज्यांच्या कोंबड्या वाचतील त्यांनी प्रत्येकी एक पिलू, किंवा खुडूक कोंबडीखाली ठेवण्यास चार अंडी, तिला द्यावी, आणि ही गोष्ट आजच, ती बाजारास निघण्यापूर्वी, तिला सांगावी. नंतर सांगितल्यास ती भिक्षा होईल.

लशीचीही गोष्ट अशीच आहे. मानमोडीवर औषध नसले तरी लस आहे. पिलू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, आणि दोन महिन्यांच्या सुमारास दुसरी टोचून. परंतु एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची मात्रा असते. ती एकदा कालवली म्हणजे दोनेक तासांत संपवावी लागते, आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. सहा कोंबड्यांची मालकीण एकटी ती आणणार कशी? उष्णता सोसणारी आय-२ नावाची लस ऑस्ट्रेलियात पीटर स्प्रॅडब्रो व त्यांच्या सोबत्यांनी खेड्यांतील कोंबड्यांसाठीच तयार केली, आणि मोझांबिक व टांझानिया येथील खेड्यांत ती पुष्कळ वापरली गेली. पण तेथेही एका दिवशी सगळ्या गावाने कोंबड्या धरून आणल्या तरच काम होते. आमच्याकडे दहा-बारा घरांनी पहाटे, खुराडी उघडण्यापूर्वी, एकत्र ठरविले तर एक कुपी पुरते. कोंबडी ज्याची त्याची असते. उकिरडा, ओढा आणि रोग सर्वांचे असतात.

प्रचारकांचे उत्तर आले. बाईने कोंबड्या नेल्या नाहीत. आठांपैकी तीन वाचल्या. पाच घरांनी पिले देण्याचे कबूल केले आहे, आणि एका घराने "आमच्या मेल्या तेव्हा कोणी दिली होती का?" असे विचारले. प्रश्न अगदीच गैर नव्हता, असे प्रचारक लिहितात, आणि मलाही तसेच वाटते.

माझ्या आईविषयी थोडे राहिले. पुढल्या वर्षी पाऊस बरा झाला व आमच्या दारात पुन्हा पिले फिरू लागली. एके दिवशी आईने एक चांगली तलंग धरली, पदराखाली घेतली, आणि मला बरोबर घेऊन ती त्या वाडीवर गेली. त्या बाईने पैसे पुढे केले, ते आईने घेतले नाहीत. बाईने ती तलंग छातीशी धरली आणि आळीतील बायांस हाका मारून सांगितले की हिच्यासारखी मोठ्या मनाची बाई साऱ्या बाजारात नाही. आई खाली मान घालून उभी राहिली. परतताना ओढ्यापाशी ती थांबली, मागे वळून वाडीकडे बराच वेळ पाहत राहिली. परत जाऊन काही बोलावे असे तिच्या मनात होते असे मला वाटले. मग ऊन चढू लागले तशी ती म्हणाली, "चल, खुराडं उघडंच राहिलंय."