ताट वेगळं, रेझर एकच

ताट वेगळं केलंस, पेला वेगळा केलास, अंथरूणसुद्धा बाहेरच्या खोलीत नेलंस, आणि काल माझ्यासमोर बसून हे सगळं असं सांगितलंस की जणू घरादाराला वाचवलंस. मग मी विचारलं, दाढीचा रेझर कोणाचा? म्हणालास, "बाथरूममधलाच, बाई. पोरगाही तोच वापरतो." तेव्हाच तुला झापणार होते, पण तू रडायला लागलास. रडणाऱ्याला मी नववीच्या वर्गातही ओरडत नसे. आज लिहिते आहे. नीट बसून वाच, आणि वाचून झालं की हे पत्र त्या रिपोर्टसारखं घडी घालून विम्याच्या फाइलमध्ये सरकवायचं नाही.

रिपोर्ट मार्चमधला. हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला. आता दिवाळी तोंडावर आली. सात महिने तू त्या कागदावर बसून आहेस. त्यावर लिहिलंय काय, हे तरी समजून घेतलंस का? "एचसीव्ही अँटिबॉडी रिअॅक्टिव्ह". याचा अर्थ एवढाच, की हिपॅटायटिस सी चा विषाणू कधी ना कधी तुझ्या रक्तात शिरला होता आणि शरीराने त्याच्याशी झुंज दिली. शंभरातल्या साधारण तीसजणांचं शरीर त्याला पहिल्या सहा महिन्यांत स्वतःच हाकलून देतं, पण अँटिबॉडी मागे राहतात. म्हणून त्यानंतर आरएनएची, म्हणजे व्हायरल लोडची, तपासणी करायची असते. विषाणू आज आहे का, हे तीच सांगते. ती तू केलीच नाहीस. ज्याच्या धास्तीने सात किलो वजन घालवलंस, तो अंगात आहे की नाही हेच तुला ठाऊक नाही! माझ्या वर्गात दोन वर्षं शास्त्र शिकलास. प्रयोग अर्धा टाकून निष्कर्ष लिहायला मी कोणाला शिकवलं होतं?

त्या दवाखान्याने कागद हातात देऊन "तुमचं इथे होणार नाही" म्हणून वाटेला लावलं, हे चूकच झालं. पुढची तपासणी कुठली, कुठे करायची, हे सांगणं त्यांचं काम होतं. आणि अशा पेशंटचं ऑपरेशन करता येत नाही, असं काही नाही. नीट काळजी घेऊन रोज होतात. पण त्यांनी दार लावलं म्हणून तू थेट काविळीच्या माळवाल्याकडे जावंस?

ती माळ मी काल हातात घेऊन पाहिली. कसल्या तरी वेलीच्या ओल्या काड्यांचे नखाएवढे तुकडे, प्रत्येकाला दोऱ्याचा फास, आणि तू मला भक्तिभावाने सांगत होतास की गळ्यापाशी होती ती आठ दिवसांत पोटापर्यंत आली, म्हणजे कावीळ उतरली. अरे, काडी ओली असते तेव्हा जाड असते. सुकली की बारीक होते. बारीक झाली की फास सैल पडतो आणि दोरा खाली लोंबतो. ती माळ खुंटीला अडकवली असतीस तरी तेवढीच वाढली असती. शिवाय तुला कावीळ झालीच कुठे होती? डोळे पिवळे नाहीत, लघवी गडद पिवळी नाही. हिपॅटायटिस सी झालेल्या बहुतेकांना कावीळ होतच नाही, म्हणून तर तो वर्षानुवर्षं सापडत नाही. बायकोला खरं सांगायचं नव्हतं, म्हणून तू कावीळ हे नाव पुढे केलंस. मग नाव निभवायला हळद सोडली, तेल सोडलं, भाताची पेज आणि उसाचा रस सुरू केला. मधुमेहाच्या माणसाने उसाचा रस! हळदीने विषाणूचं काही वाढत नाही आणि पेजेने काही घटत नाही. चारी ठाव जेव. सोडायची ती दारू सोड. "लग्नाकार्यात थोडी" हे मला सांगू नकोस. या आजारात थोडी दारूसुद्धा लिव्हरच्या मुळावर येते.

आता कालच्या तुझ्या रडण्याकडे येते. "बाई, लोक काय म्हणतील? मला कुठून लागलं म्हणतील?" लोकांचं राहू दे, मी सांगते. १९८८ चा पावसाळा. तू सायकलवरून ट्रकखाली आलास, मांडीचं हाड मोडलं, रक्त चढवावं लागलं. तेव्हा या विषाणूला नावही नव्हतं. रक्त घेतलेल्या माणसांना पुढे लिव्हरचा आजार होतो, तो ए नाही आणि बी नाही, एवढंच डॉक्टरांना कळलं होतं. विषाणू ओळखू आला १९८९ साली. हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना या कामाबद्दल २०२० मध्ये नोबेल मिळालं. जे जगातल्या कुठल्याही डॉक्टरला बाटलीत दिसत नव्हतं, त्याबद्दल नववीतल्या पोराने शरमायचं? त्या काळी पैसे घेऊन रक्त विकणारे लोक सर्रास असत. त्यावर बंदी आली ती थेट १९९८ मध्ये. काचेची सिरिंज एका डबड्यात उकळून दिवसभर गावाला टोचली जायची, तीही तू घेतलीस, मीही घेतली. नेमकं कुठून लागलं ते आता कळणार नाही, आणि उपचाराला ते कळण्याची गरजही नाही.

इजिप्तचं उदाहरण ऐक. तिथे १९५० च्या दशकापासून पुढे तीसेक वर्षं सरकारनेच खेड्यापाड्यांत बिल्हार्झिया या जंताच्या आजारासाठी इंजेक्शनं दिली, त्याच त्या सुया वापरून. जंताच्या आजाराचं औषध घ्यायला रांगेत उभे राहिलेले शेतकरी हिपॅटायटिस सी घेऊन घरी गेले. जगात सर्वांत जास्त प्रमाण त्या देशात झालं. मग त्यांनी काय केलं, तोंड लपवलं? २०१८ मध्ये मोहीम काढून काही महिन्यांत जवळजवळ पाच कोटी लोकांचं रक्त तपासलं, ज्यांच्यात विषाणू निघाला त्यांना फुकट गोळ्या दिल्या, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार हटवण्याच्या वाटेवर सर्वांत पुढे असलेला देश म्हणून इजिप्तचं नाव घेतलं. एवढ्या लोकांनी रांगेत उभं राहून हात पुढे केला. तुला जिल्ह्याच्या दवाखान्यात एक केसपेपर काढायला लाज वाटते?

औषधाची भीती तुला तुझ्या चुलतभावामुळे बसली आहे, हे मला माहीत आहे. त्याचे हाल मीही पाहिले. पण त्याने घेतलं ते इंटरफेरॉन. आठवड्याला एक इंजेक्शन, वर्ष वर्ष चालायचं. ताप, केस गळणं, मन खचून जाणं, आणि एवढं सोसून कित्येकांचा विषाणू जायचाच नाही. ते दिवस गेले. आज सोफोसबुवीरच्या जोडीला डॅक्लाटासवीर किंवा वेल्पाटासवीर देतात. रोज गोळ्या घ्यायच्या, बहुतेकांना बारा आठवडे. शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त लोकांचा विषाणू कायमचा जातो. बरा होतो, हा शब्द डॉक्टर उगाच वापरत नाहीत. इथे तो वापरतात. थोडा थकवा येईल, डोकं दुखेल, रजा न काढता होऊन जाईल.

"पैसे?" म्हणालास. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुवीर आलं तेव्हा बारा आठवड्यांचे चौऱ्याऐंशी हजार डॉलर पडत. एक गोळी हजार डॉलरची. पुढे भारतातल्या कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळाला आणि किंमत पार खाली आली. आणि २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं यांतल्या उपचार केंद्रांवर तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. माळवाल्याला जेवढे मोजलेस, तेवढ्यात एसटीने जाऊन येऊन वर नाश्ता झाला असता.

"पण मला काही होतच नाही, बाई." याच वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आला. लिव्हर ओरडत नाही. आतल्या आत त्याच्यावर वण धरत जातात आणि वीस वर्षांत शंभरातल्या पंधरा ते तीसजणांचं लिव्हर सिरॉसिसला पोचतं. तुझी तर पस्तीस वर्षं उलटून गेली, त्यात साखर आहे, त्यात दारू. पोटात पाणी झाल्यावर, रक्ताची उलटी झाल्यावर दवाखाना गाठणार आहेस का? विषाणू तेव्हाही घालवता येतो, पण जळलेलं लिव्हर गोळीने नवं होत नाही. सिरॉसिस निघालाच, तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण कॅन्सरची टांगती तलवार राहते. म्हणून मार्च आणि ऑक्टोबर यांत फरक आहे. तो फरक तू वाया घालवलास.

आणि आता त्या रेझरचं. हा विषाणू ताटातून जात नाही, पेल्यातून जात नाही, मिठी मारून, खोकून, एका पांघरुणात झोपून जात नाही. तो रक्तातून रक्तात जातो. म्हणजे रेझर, नेलकटर, टूथब्रश, साखर तपासायची तुझी ती सुई. ज्याला हात लावायला हरकत नव्हती ते सगळं तू वेगळं केलंस, आणि ज्याने पोराच्या गालाला कापतं ते दोघांत ठेवलंस. मुलगी हॉस्टेलवरून आली तर तिला जवळ घेतलं नाहीस. ती पोर काय समजली असेल याचा विचार कर. तिच्या लग्नाचं जमवताना अडचण येईल म्हणून गप्प बसलास म्हणे. बापाचं आजारपण लपवून जमवलेलं लग्न तिला नको असेल, हे तिला विचारलंस? आज घरी जा आणि बायकोला सरळ सांग. "हिपॅटायटिस सी" हेच नाव घे, कावीळ म्हणू नकोस. नवराबायकोत हा आजार लागण्याची शक्यता फारच थोडी असते, तरी तिची एकदा तपासणी करून घे, पोराचीही. ताट परत मांडणीवर ठेव. रेझर आजच टाकून दे आणि पोराला नवा आण. कापलं, रक्त सांडलं, तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसायचं.

सोमवारी सकाळी पहिली एसटी पकड. रिपोर्ट, आधार कार्ड आणि तू घेतोस त्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घाल, पित्ताची गोळीसुद्धा, कारण काही पित्ताच्या गोळ्यांनी हे औषध अंगी लागत नाही, आणि हृदयाचे ठोके सांभाळणारं एक औषध याच्याबरोबर घेणं धोक्याचं असतं. माळवाल्याच्या पुड्या घेत असशील तर त्याही दाखव, लपवू नकोस. आरएनएची तपासणी माग. सोबत हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली की नाही ते विचार. तो आत दबून असेल तर सी च्या औषधाने उसळू शकतो, म्हणून आधी बघावं लागतं. ए आणि बी ची लस घ्यायची का तेही विचार. सी वर लस नाही. एकदा बरा होऊन पुन्हा लागूही शकतो, म्हणून पुढेही वस्तऱ्याला आणि सुईला जपायचं.

विषाणू निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या, की एकही दिवस चुकवायचा नाही. संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करतात. त्यात विषाणू नाही असं आलं की तू बरा झालास. अँटिबॉडीची तपासणी मात्र जन्मभर रिअॅक्टिव्हच येत राहील, तेव्हा तो शेवटचा कागद जपून ठेव. हर्नियाच्या ऑपरेशनला तो दाखवायचा आहे.

सोमवारी दुपारी एक वाजता मी फोन करणार आहे. केसपेपरचा नंबर वाचून दाखवायचा.