निर्दोष सांधा

परमुलखात बदली होऊन आलेल्या सरकारी नोकराला दोन सवयी नकळत जडतात. एक म्हणजे रस्त्यातून चालताना आपली भाषा मोठ्याने बोलण्याचे तो हळूहळू सोडून देतो. आणि दुसरी म्हणजे ज्या कामाशी आपला अर्थाअर्थी संबंध नाही असे काम तो फावल्या वेळी न्याहाळू लागतो. पहिल्या सवयीविषयी या मासिकाच्या वाचकांना आम्ही निराळे काय सांगावे? त्यांचा आणि आमचा अनुभव एकच आहे. दुसरीने मात्र आम्हांला एका अशा प्रश्नापाशी आणून सोडले, की ज्याचे उत्तर अद्याप आमच्या हाती पुरतेपणी आलेले नाही.

पूर्व किनाऱ्यावरील एका बंदराच्या शहरात आम्ही लेखनिक म्हणून रुजू झालो. कचेरी तपासणीची. पोलादी नळांचे सांधे वेल्डिंगने जोडले, की त्यांच्या आतील अवस्था किरणांनी फिल्मवर उतरवावयाची, आणि त्या फिल्म अहवालासह आमच्या कपाटांत येऊन पडावयाच्या. सांध्यांची यादी आणि फिल्मवरील आकडे ताडून पाहणे, एवढेच आमचे काम. फिल्ममध्ये काय दिसते याच्याशी आम्हांला कर्तव्य नव्हते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. पोलादाशी आमचा परिचय घरातील कपाटापुरताच.

परंतु शेजारच्या अंधाऱ्या खोलीत एक वयोवृद्ध तेलुगूभाषी निरीक्षक बसत. तेथील रिवाजाप्रमाणे सारे जण त्यांना ‘मास्टारू’ म्हणत. दिव्याच्या पेटीवर फिल्म ठेवून ते तासन्‌तास पाहत. एकदा आम्ही फायली घेऊन आत गेलो आणि तत्काळ म्हणालो, “मास्टारू, यात तर काहीच दिसत नाही.” ते म्हणाले, “दहा मिनिटे बसा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही दिसत नसते.” आमचे शिक्षण त्या दहा मिनिटांपासून सुरू झाले.

फिल्मची लिपी आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. जेथे धातू जाड, तेथे किरण अडतात आणि फिल्म उजळ राहते. जेथे धातू उणा, तेथे किरण सरळ पार होतात आणि फिल्म काळी पडते. म्हणजे काळे ते अभावाचे चिन्ह. वितळलेल्या धातूत वायूचा बुडबुडा अडकला, तर वाटोळा काळा ठिपका उमटतो. स्लॅग आत राहिला, तर वेडीवाकडी लांबट छाया दिसते. सांध्याच्या तळापर्यंत धातू पोहोचलाच नसेल, तर मधोमध एक सरळ काळी रेघ येते. इतकी सरळ, की नवख्याला ती शोभेची वाटावी. टंगस्टनच्या विजाग्राचा कण तुटून आत पडला, तर तो मात्र पांढरा दिसतो, कारण टंगस्टन पोलादाहून घन. आणि चीर ही केसासारखी बारीक, नागमोडी. किरणांची दिशा तिच्या खोलीशी जुळली तरच ती उमटते. आडवी पसरलेली चीर किरणांना दिसतही नाही.

मास्टारूंनी आम्हांला प्रथम दोष शोधावयास शिकवलेच नाही. त्यांनी तार शोधावयास शिकवले. प्रत्येक सांध्यावर फिल्म घेताना निरनिराळ्या जाडीच्या बारीक तारांची एक पट्टी ठेवतात. तिला पेनेट्रामीटर म्हणतात. ठरावीक जाडीची तार फिल्मवर दिसली, तरच त्या फिल्मला सांध्याविषयी बोलण्याचा अधिकार. तार दिसत नसेल आणि सांधा स्वच्छ दिसत असेल, तर तो सांधा स्वच्छ आहे असे नव्हे. ती फिल्म आंधळी आहे. दुसरा धडा त्याहून कडू. फिल्मवर चंद्रकोरीसारखी खूण दिसली, की आम्ही उत्साहाने “दोष!” म्हणत असू. मास्टारू फिल्म तिरपी धरून दाखवीत: ती कुणाच्या नखाची मोड असे, ओल्या बोटाचा ठसा असे, कधी धुण्याच्या पाण्याचा डाग असे. दोष सांध्याचा नव्हे, हाताळणाऱ्याचा. दुसऱ्याचे वैगुण्य ठरविण्यापूर्वी ते आपल्याच बोटांचे नाही ना, हे पाहून घेण्याची ही रीत आम्हांला धर्मग्रंथांतही इतक्या स्पष्टपणे कुणी शिकवली नव्हती.

या विद्येचे मूळही मोठे मनोज्ञ आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटजेन यांना हे अज्ञात किरण गवसले, आणि पत्नीच्या हाताची अंगठीसह घेतलेली त्यांची छायाकृती जगप्रसिद्ध झाली. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीच्या आपल्या पहिल्या निबंधात त्यांनी धातूच्या एका तुकड्याच्या चित्राचाही उल्लेख केला आहे; त्या तुकड्याच्या अंतरंगातील विषमता किरणांनी उघड केली होती. म्हणजे माणसाची हाडे आणि धातूची वैगुण्ये एकाच वेळी दृष्टीच्या टप्प्यात आली. राँटजेन यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही.

आता मूळ गोष्ट. मार्च महिना अखेरीस आला होता. देयकांची घाई कशी असते हे वाचक जाणतातच. एका सोमवारी यादी ताडीत असता आम्हांला ४१ क्रमांकाच्या सांध्याच्या फिल्मवर एक पांढरा कण आणि त्याच्यापुढे ओळीने तीन बारीक ठिपके दिसले. दोष क्षम्य होते, अहवालात तसे नोंदलेलेही होते. थोड्या वेळाने ४७ क्रमांकाची फिल्म हाती आली. तोच कण, तेच तीन ठिपके, वेल्डिंगच्या लाटांची तीच घडण. केवळ शिशाचे आकडे बदललेले. एकाच सांध्याचे दोनदा छायाचित्र घेऊन एक दुसऱ्याच्या नावावर खपविले होते.

आम्ही काय केले? दोन्ही फिल्म खणात ठेवल्या आणि खण लावून घेतला. फिल्म वाचणे हे आमचे काम नव्हे, असे आम्ही स्वतःला सांगितले. वेल्डर तोच, दिवस तोच, तेव्हा ४७ क्रमांकाचा सांधाही चांगलाच असणार, हेही सांगितले. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी आम्ही टिपणी लिहिली, “आज तपासणी करीत असता निदर्शनास आले की…”

पुढे सारे नियमाप्रमाणे झाले. त्या कंत्राटदाराच्या सर्व फिल्म बाजूला काढण्यात आल्या आणि ते सांधे पुन्हा तपासण्यात आले. फिल्म घेणारा पोरगा पंचविशीच्या आतला. त्याने सरळ कबूल केले. इरिडियम-१९२ या किरणोत्सर्गी द्रव्याची शक्ती सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते, आणि मग त्याच फिल्मला दुप्पट वेळ द्यावा लागतो. त्याच्याजवळचे द्रव्य जुने झाले होते; पैसे मिळत ते फिल्ममागे. ४७ क्रमांकाचा सांधा उंचावरचा. परात संध्याकाळी उतरवून नेलेली. रात्री दोनच्या सुमारास त्याने जमिनीजवळच्या सांध्यावरच आकडे बदलून ठेवले. त्याचे काम गेले. ४७ क्रमांकाच्या सांध्याची खरी फिल्म आली तेव्हा मास्टारूंनी ती बराच वेळ पाहिली आणि शेरा लिहिला: निर्दोष. एक ठिपकादेखील नव्हता.

आमच्या मनाला डाचणारा प्रश्न येथे उत्पन्न होतो. सांधा निर्दोष होता. मग त्या पोराने जे खोटे केले त्याने जगातील कोणत्या वस्तूची हानी झाली? त्याने खोट्या पुराव्याने सांगितले ते विधान तर खरेच निघाले! परिणामावरून कृत्याचे मोल ठरवावयाचे, तर त्याला शिक्षा कशाची झाली?

प्रथम आम्ही मोठ्या अपघातांचा आधार शोधला. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर कीलंड नावाचा तरंगता मंच कलंडला. त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ दगावली. मूळ सापडले एका आधारनळीवरील छोट्या बैठकीच्या अवघ्या ६ मिलिमीटरच्या वेल्डमध्ये. मंचाचा भार पेलण्याशी त्या बैठकीचा संबंध नव्हता. चौकशीत चिरेच्या आत रंगाचे अंश आढळले. म्हणजे मंच समुद्रात जाण्यापूर्वीच चीर होती आणि तिच्यावरून रंग फिरला होता. परंतु या उदाहरणाने आमचे समाधान होईना. तेथे सांधा वाईट होता, येथे चांगला. भयंकर परिणामाची भीती दाखवून निष्परिणाम असत्याचा निवाडा होत नाही.

उत्तराचा एक भाग आम्हांला त्या बाजूला काढलेल्या ढिगाऱ्यात मिळाला. एका खोट्या फिल्मने सांधा बिघडला नाही हे खरे. पण उरलेल्या साऱ्या खऱ्या फिल्म निरुपयोगी झाल्या. त्यांतील प्रत्येक छाया प्रामाणिक होती, आणि तरीही कोणी तिच्यावर विसंबेना. फिल्म ‘सांधा चांगला आहे’ एवढेच सांगत नाही. ‘मी तेथे गेलो आणि मी पाहिले’ असे ती आधी सांगते. सांधा चांगला निघणे हे वेल्डरचे कौशल्य. पाहिले हे खरे असणे, एवढेच तपासणाऱ्याचे. त्या पोराचा सांधा चांगला निघाला यात त्याचे काही श्रेय नाही, आणि वाईट निघाला असता तर त्याचे कृत्य अधिक वाईट झाले असते असेही नाही. आमच्या सह्यांचेही तेच. न वाचता सही केलेला कागद बिनचूक निघाला, तर ते आपले नशीब. आपला सद्गुण नव्हे.

दुसरा भाग अधिक अवघड आहे. तपासणीच्या संहितेत वायूचे वाटोळे ठिपके एका मर्यादेपर्यंत चालतात. चीर मात्र कितीही लहान असो, चालत नाही. ठिपक्याला टोक नसते. चिरेला असते, आणि भार येईल तसतसे ते टोक पुढे सरकते. तेव्हा त्या पोराचे कृत्य ठिपका होते की चीर? थकलेल्या माणसाची एका रात्रीची चूक, की पुढे वाढत जाणारी सवय? याची फिल्म निघत नाही. त्याला घालविताना कोणी हा प्रश्न विचारला नाही, आणि आम्हीही विचारला नाही. कारण तो विचारला असता तर तो आमच्यावरही आला असता.

काही आठवड्यांनी त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही मास्टारूंना ते तीन दिवस सांगितले. आमची अपेक्षा होती की ते म्हणतील, “असू द्या, अखेर तुम्ही लिहिलेत ना.” ते एवढेच म्हणाले, “टिपणीवर तारीख कोणती घातलीत?”

आम्ही गुरुवारची घातली होती. ‘आज निदर्शनास आले’ असे लिहिले होते. त्या पोराने शिशाचे आकडे बदलले होते, आम्ही शाईचे. दोहोंनी कोणाचेही नुकसान झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती फाइल मागवून घेतली आणि टिपणीखाली एक ओळ लिहिली, की सदर बाब प्रत्यक्षात सोमवारीच लक्षात आली होती, विलंब निम्नस्वाक्षरीकाराचा. फाइल वर गेली आणि आठ दिवसांनी परत आली. त्या ओळीसमोर वरिष्ठांची आद्याक्षरे होती, विचारणा काही नव्हती. तो पोरगा कोठे गेला याची आम्ही चौकशी केली. कंत्राटदाराच्या माणसांनाही ठाऊक नव्हते. फाइल आम्ही तिच्या जागी ठेवून दिली. ४७ क्रमांकाच्या दोन्ही फिल्म तीत आहेत.