फुकट शिकवणं हे दान आहे का?

हौसेनं आलेल्यांना फी न घेता ऑनलाइन कोरियन शिकवणाऱ्याला आपण चटकन विद्यादाता म्हणून मोकळे होतो. मला हा मान जरा जादाच वाटतो. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो; इथे तर शिकवायची लिपीच विद्येची मक्तेदारी मोडण्यासाठी जन्मली. राजा सेजोंगनं ती 1443 मध्ये तयार केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. सामान्य माणसाला मनातलं लिहिता यावं, हा हेतू त्यानंच नोंदवला. सोपी अक्षरं पुरली तर ग्रंथांसाठी कोण कष्ट करील, असं चोए मान-री वगैरे दरबारी विद्वानांचं 1444 मधलं म्हणणं होतं. पण 1447 मध्ये दिवंगत राणीच्या पुण्यार्थ बुद्धचरित्र रचलं गेलं, तेही याच लिपीच्या आधारे. सोपेपणानं गंभीर विषयाचं काही बिघडलं नाही.

आजचा आक्षेप वेगळा आहे: फुकटाची किंमत नसते, निम्मे लोक मध्येच गळतात. गळू देत की! ज्याच्यावर ऋणच नाही, त्याच्या जाण्यात कृतघ्नता कसली? शिवाय पहिल्या तासाला शिक्षक करतो तरी काय? ‘न’चं अक्षर म्हणजे टाळूकडे उचललेल्या जिभेचा आकार, वर एक रेघ वाढवली की ‘त’, आणखी एक की ‘थ’. शिकणारा आपलीच जीभ चाचपून हे पडताळतो, त्यासाठी शिक्षकावर श्रद्धा ठेवावी लागत नाही. मराठी माणसाला ‘त-थ’ सहज जमतात. अडतं ते त्या दोहोंहून वेगळ्या, घशात आवळलेल्या तिसऱ्या ‘त’पाशी. तिथे मात्र ऐकून चूक दाखवणारा कुणीतरी लागतोच.